सर डाव्या नळीत

त्या सकाळी सरांना मिळण्यासारखं काय काय होतं त्याचा हिशेब आधी मांडून टाकू. सरांनी तो दाढी करता करता मांडला होता, आणि बेरीज इतकी गोड आली की हनुवटीवर एका जागी कापलं.

जमेच्या बाजूला पहिलं म्हणजे नव्या केंद्राचं संचालकपद. त्याच्या पाठोपाठ कोपऱ्यातली दोन्हीकडून खिडक्या असलेली खोली, दारावर पितळी पाटी आणि ड्रायव्हरसकट गाडी. सरांना गाडी चालवता येत नव्हती असं नाही, पण चालवताना मागच्या सीटवर बसून पेपर वाचता येत नाही. आणि या सगळ्याहून जड भरणारी शेवटची रक्कम वेगळीच होती. सरांच्या खोलीच्या समोर ज्यांची खोली होती, ज्यांना सगळी इमारत नुसतं ‘समोरचे’ म्हणे, त्यांना यापुढे रजेच्या अर्जावर सरांची सही घ्यावी लागणार होती. सरांनी ही सही आरशाच्या वाफेवर बोटाने एकदा करूनही पाहिली.

खर्चाच्या बाजूला होतं एक भाषण, पाहुण्यांचा चहा आणि दिवसभर पुरेल इतकं नम्र हसू. एवढ्यात एवढं मिळत असेल तर कुणीही घेतलं असतं.

सरांची सगळी भिस्त एका काचेच्या पट्टीवर होती. काडेपेटीएवढी पट्टी, तिच्यावर पारदर्शक रबराचा थर, आणि त्या थरात केसाहून बारीक पाट खोदलेले. पाटाच्या छताला तिरके कंगोरे होते. एका टोकाने पेशी सोडायच्या. कडक पेशी कंगोऱ्याखालून जात नाही, कंगोऱ्याला घासत घासत उजवीकडे सरकते आणि उजव्या नळीत पडते. मऊ पेशी अंग चोरून, चेपून घेऊन कंगोऱ्याखालून निसटते आणि डाव्या नळीत जाते. कॅन्सरची पेशी मऊ असते, मऊ असते म्हणूनच शरीरात कुठूनही कुठेही घुसते, असं सरांचं सांगणं होतं. भाषणात ते तिला ‘चापलूस पेशी’ म्हणत. लोक हसत. समोरचेही हसत, पण हसताना सरांकडे बघत.

आता रक्ताची गोष्ट. निरोगी पेशी हव्यात म्हणून दर सोमवारी प्रयोगशाळेतल्या कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधला जाई. पण ताजं रक्त नव्या सुनेसारखं असतं, त्याचं मन सांभाळावं लागतं. गोठतं, पाटात अडकतं, सकाळी एक वागतं आणि दुपारी दुसरंच. सरांना हा जाच नको होता. त्यांनी शक्कल काढली. सोमवारी रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, टिकवणाऱ्या द्रवात बुडवायच्या आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायच्या. मग आठवडाभर त्या पेशी परीक्षेला बसलेल्या हुशार पोरांसारख्या गप्प राहात. कॅन्सरच्या पेशींना मात्र हे लागू नव्हतं. त्या उबदार कपाटात बाटल्यांमध्ये वाढत, हव्या तेव्हा हव्या तितक्या ताज्या काढता येत. म्हणजे दर प्रयोगाला फ्रिजमधून निरोगी यायच्या, कपाटातून कॅन्सरच्या यायच्या, आणि यंत्र त्यांची अशी काही वाटणी करी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. निरोगी उजवीकडे, कॅन्सर डावीकडे. क्वचितच एखादी वाट चुकायची.

असं छान चाललं होतं. छान चाललेल्या गोष्टीला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि सर तर नाहीच.

पाहुणे आले ते तिघे. गादीवाले शेठ, ज्यांच्या कारखान्यातल्या गाद्यांवर अर्धं शहर झोपत होतं आणि ज्यांना आता कॅन्सरवर पैसे खर्च करायचे होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे शेठाणी. आणि संचालक निवडायच्या समितीच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीशबाई, ज्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि नजर त्याच्यावरून. सोबत यंत्र चालवणारी संशोधिका, रक्त काढायला सिस्टर आणि ‘सहज डोकावलो’ म्हणत आलेले समोरचे. त्यांचंही नाव संचालकपदासाठी होतंच, पण तळाशी, पानात डाव्या बाजूला वाढलेल्या मिठासारखं.

सरांचं भाषण झालं. शेठ गाल खाजवत म्हणाले, “म्हणजे मऊ ते वाईट आणि कडक ते चांगलं? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर दुकानाला कुलूप लावावं लागेल.”

“शेठ, पाठीला कडक गादीच चांगली ना?” सर म्हणाले.

“चांगली आहे हो. खपत नाही.”

सगळे हसले. संशोधिका फ्रिजकडे वळली. तेवढ्यात समोरचे मधाळ आवाजात म्हणाले, “फ्रिजमधलं कशाला, सर? घरचे पाहुणे आलेत. ताजं घ्या. शेठना समोर घडताना दिसलं पाहिजे.”

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. शेठना तर कल्पना फारच पसंत पडली. उत्साहाने त्यांनी बाही वर केली, सिस्टरच्या हातातली सुई पाहिली आणि बाही खाली केली.

“माझी ना नाही,” ते म्हणाले, “पण ही रागावेल.”

“मी कशाला रागावू?” शेठाणी म्हणाल्या.

शेठचा चेहरा पडला. आता अशा वेळी माणसाने काय करावं? सर उमदे झाले. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाही कोपरावर सारली आणि म्हणाले, “पाहुण्यांना सुई टोचायची आमच्याकडे पद्धत नाही. माझं घ्या.” याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते कळायला अजून चहाइतका वेळ होता.

सिस्टरने रक्त काढलं. संशोधिकेने ते फिरवलं, धुतलं, पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या. तोवर चहा झाला, आणि शेठनी गादीतल्या स्प्रिंगा कशा मोजतात ते सगळ्यांना समजावलं. मग दिवे मंद झाले आणि भिंतीवरच्या पडद्यावर पाट दिसू लागला.

सरांची पहिली पेशी आली. कंगोऱ्यापाशी पोचली, क्षणभर थबकली, मग अंग चोरून खालून निसटली आणि डावीकडे गेली.

“एखादी चुकते,” सर म्हणाले.

दुसरी आली, तीही डावीकडे. तिसरी, चौथी, मग घोळका. शाळा सुटल्यावर पोरं जशी एकाच फाटकातून बाहेर पडतात तशा सरांच्या पेशी डाव्या नळीत शिरत होत्या. उजवी नळी जवळजवळ कोरडी राहिली. संगणक हा निर्विकार प्राणी. त्याने मोजदाद केली आणि पडद्यावर लाल अक्षरांत एकच शब्द उमटवला. बाधित.

यंत्राचा पंप तेवढा घुर्र करत होता.

आणि सरांना कळलं. त्यांना आपल्या प्रकृतीबद्दल काही कळलं नाही, फ्रिजबद्दल कळलं. जो द्रव पेशी टिकवतो तो त्यांना कडकही करतो. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असते. सरांनाही माहीत होती. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांच्यामध्ये एक बोळ असतो, आणि त्या बोळात सर इतकी वर्षं सुखाने नांदत होते. त्यांच्या यंत्राने कधी निरोगी आणि कॅन्सर वेगळे केलेच नव्हते. ते टिकवलेलं आणि ताजं वेगळं करत होतं. आज आत गेलं ते ताजंच होतं म्हटल्यावर बिचारं यंत्र काय करणार?

सरांकडे म्हणायला दोन वाक्यं होती. ‘यंत्र चुकीचं आहे’ हे एक, आणि ‘मी आजारी आहे’ हे दुसरं. पहिलं खरं होतं. ते म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण उघडल्या तोंडासमोर कोपऱ्यातली खोली आली, पितळी पाटी आली, रजेचा अर्ज हातात घेऊन उभे असलेले समोरचे आले. सरांनी तोंड मिटलं. दुसरं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. पण जिथे एकच जण गप्प असतो तिथे बाकीचे त्याच्या वतीने बोलतात.

“सर, तुम्ही आधी बसा,” शेठ म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “ज्याने बनवलं त्यालाच पकडलं. इतकं प्रामाणिक यंत्र मी जन्मात पाहिलं नाही. आमचे हिशेबनीससुद्धा असे नाहीत.”

शेठाणींनी पदर डोळ्यांना लावला. संशोधिका सरांच्या कानाशी आली. “सर, वाईट वाटून घेऊ नका, पण हे मी प्रबंधात घालू का? वेगळं प्रकरण होईल.”

समोरच्यांनी पाण्याचा पेला भरून सरांच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत दुःख काठोकाठ होतं. ते ओठांपर्यंत मात्र पोचलं नव्हतं.

सर रिक्षा करून घरी निघाले तेव्हा त्यांचा बेत पक्का होता. बायकोला तरी खरं सांगायचं. ‘अगं, आज गंमतच झाली’ अशी सुरुवात त्यांनी वाटेत तीनचारदा घोळवली.

बायको म्हणजे बाई. त्या गणित शिकवायच्या, आणि शाळेतच काय, गल्लीतही त्यांना बाईच म्हणत. मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, आणि ती जागा बाईंना देऊ केली होती. या जागेची वाट त्यांनी किती वर्षं पाहिली ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण त्यांनी तिच्यासाठी कपाटात दोन नव्या साड्या घडी न मोडता ठेवल्या होत्या.

सर घरात शिरले तर बाई दाराशीच. डोळे सुजलेले. शेठाणींचा फोन येऊन गेला होता.

“बसा. पाठीशी उशी घ्या. पाणी देते.”

“अगं, आज—”

“काही बोलू नका. मी धाकट्याशी बोलले, तो उद्याच तपासण्या लावतोय.” धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, मोठ्या इस्पितळात कॅन्सरचा डॉक्टर. “आणि शाळेत कळवून टाकलं. जागा नको म्हणून.”

सर उशीवर जरा उठून बसले. “इतकी घाई कशाला केलीस?”

“घाई नाही तर काय? घरात आजारपण असताना मी तिकडे शाळा सांभाळू? ते म्हणाले, उद्या सकाळपर्यंत विचार बदलला तर सांगा, जागा तुमचीच आहे.”

म्हणजे दार अजून किलकिलं होतं. सरांनी फक्त ‘गंमतच झाली’ एवढं म्हणायचं होतं. ते म्हणणारच होते, इतक्यात फोन वाजला. शेठ बोलत होते. त्यांचा निर्णय झाला होता. आधी फक्त केंद्राचा एक मजला द्यायचं ठरलं होतं, आता सगळी इमारत देणार होते. “तुमच्यासारखा माणूस जीव देऊन विज्ञान करतो, सर, आणि आम्ही काय नुसत्या गाद्या करायच्या?”

सरांनी फोन ठेवला. बाई समोर उभ्या होत्या.

“कोण होतं?”

“शेठ. चौकशी करत होते.”

“किती चांगली माणसं आहेत.”

“शाळेचं... उद्या बघू,” सर म्हणाले. आपण यात निषेध नोंदवला असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. मग ते दोन वेळा वाढून घेऊन जेवले. इतक्या संकटात हा माणूस किती धीराने जेवतोय हे पाहून बाईंना पुन्हा भरून आलं. सकाळ झाली, उलटून गेली, आणि किलकिलं दार लागलं. जागा चित्रकलेच्या मास्तरांना मिळाली. त्यांना बेरीज करायला बोटं लागत.

इस्पितळात मेहुण्याने सरांची सगळी यंत्रांमधून वरात काढली. रक्त, लघवी, छाती, पोट. दोनेक दिवसांनी अहवाल हातात घेऊन तो घरी आला तेव्हा बाई स्वयंपाकघरात होत्या.

“भाऊजी, तुमच्यात काहीही नाही. पोट सुटलंय, पण त्याला कॅन्सर जबाबदार नाही, बिस्किटं आहेत.”

सरांनी गंभीर चेहरा केला. “आमचं यंत्र फार आधी पकडतं. तुमच्या तपासण्यांना दिसायच्या कितीतरी आधी.”

“किती आधी?”

“ते अजून ठरायचंय.”

“आपल्याला आयुष्यात केव्हातरी काहीतरी होणार हे तर मीही सांगतो, भाऊजी. फी न घेता.” तो उठला. “ताई, यांना काही झालेलं नाही. चहा राहू दे, मला ओपीडी आहे.”

बाई दारात उभ्या होत्या. भावाला पोचवून आल्या, खुर्ची ओढून सरांसमोर बसल्या. आनंदाने रडतील असं सरांना वाटलं होतं. पण त्या गणिताच्या बाई होत्या. एकाच उदाहरणाची दोन उत्तरं आली की रडत बसायचं नसतं, पायऱ्या तपासायच्या असतात.

“तुमच्या यंत्रात त्या दिवशी तुमचं रक्त घातलं. नेहमी कुणाचं घालता?”

“कुणाचंही. आमच्याच माणसांचं.”

“मग फरक काय पडला?”

“काही नाही गं. ते नेहमी फ्रिजमधलं असतं, हे ताजं होतं.”

“फ्रिजमध्ये नुसतं ठेवता की कशात घालून?”

सर टेबलाच्या कडेचा पत्रा नखाने टोकरू लागले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. वर्गात फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासाठी पाहात तितकाच. मग सरांनी सांगितलं. द्रव, कडकपणा, कपाट, फ्रिज. जसजसं सांगत गेले तसतसा त्यांचा आवाज बारीक होत गेला.

बाई उठल्या. गॅसवर अंडी उकडलेली होती. त्यातलं एक आणि टोपलीतलं एक कच्चं त्यांनी टेबलावर आणलं. उकडलेलं फिरवलं, ते भोवऱ्यासारखं गरगरलं. कच्चं फिरवलं, ते दारुड्यासारखं लडबडलं.

“एवढंच काढलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या. “उकडलेलं आणि कच्चं ओळखणारं यंत्र. आणि त्याच्यासाठी एका माणसाने इमारत दिली.”

“मूळ तत्त्व बरोबर आहे,” सर म्हणाले. “मऊपणावरून पेशी वेगळ्या करता येतात. फक्त आमची पद्धत...”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“माझ्या शाळेच्या फोनआधी की नंतर?”

सरांनी कच्चं अंडं टोपलीत परत ठेवलं.

“म्हणजे मी ‘उद्या सकाळपर्यंत’ म्हणाले, तेव्हा ठाऊक होतं.”

बाईंनी उकडलेलं अंडं त्यांच्यापुढे सरकवलं.

“खा. कडक आहे.”

त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. बाई मात्र ओटा पुसत इतकंच म्हणाल्या, “आता एक करा. समितीला खरं सांगा, नाहीतर आजारी राहा. पण दोन्ही ताटांत जेवायचं नाही. तुम्ही दोन्ही ताटांत जेवावं म्हणून मी शाळा सोडलेली नाही.”

पण सरांना तिसरं ताट दिसत होतं. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी नवा शर्ट घातला आणि जाता जाता आरशात वाक्य घोळवलं. आजार होता, अगदी सुरुवातीला सापडला, म्हणून बरा झाला. याने यंत्रही खरं ठरतं आणि आपणही धडधाकट राहतो. समोरचे बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी उठून खांद्यापाशी सरांचा शर्ट नीट केला. “दगदग करू नका हो, सर.”

आत न्यायाधीशबाई मध्यभागी होत्या, शेजारी शेठ.

“तब्येत कशी आहे?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“ठणठणीत. अगदी वेळेवर निदान झालं ना.”

“कोणते उपचार घेतलेत?”

सरांनी एवढी तयारी केली होती, पण उपचारांवर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. “विश्रांती,” ते म्हणाले.

“विश्रांतीने कॅन्सर बरा झाला?”

“सुरुवातीचा होता.”

“छान झालं. मग यंत्रावर पुन्हा पाहिलंच असेल.”

“अजून नाही. पाहीन. रक्त काढून फ्रिजमध्ये ठेवतो आणि उद्या—”

हे वाक्य सरांनी तोंडातून जाऊ दिलं आणि त्यातली सोय त्यांच्याच लक्षात आली. द्रवात एक रात्र बुडवलं की त्यांचं रक्तही कडक होणार, उजवीकडे जाणार, आणि यंत्र त्यांना बरं झाल्याचा दाखला देणार. या आजारावर औषध म्हणून तो द्रवच चालणार होता. सरांना इतक्या दिवसांत प्रथमच हसू फुटलं.

“उद्या कशाला?” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “प्रयोगशाळा खालीच आहे, रक्त तुमच्यासोबत आलेलंच आहे. तुमच्या समोरच्या सरांनी मुद्दाम सांगितलंय, फ्रिजमधलं नको, त्या दिवसासारखं ताजं असावं. तुलना न्याय्य होते म्हणे.”

सरांचं हसू तिथल्या तिथे वाळलं. शेठ प्रेमाने पुढे झुकले. “चला सर, पुन्हा एकदा पाहू. पंधरा मिनिटांचं तर काम.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खाली गेले की रक्त डावीकडे जाणार. गेलं म्हणजे ते अजून आजारी, आणि आजारी माणसाला कुणी संचालक करत नाही. यंत्र चुकलं म्हणावं, तर सर धडधाकट. पण मग केंद्र कशाचं आणि संचालक कशाचा? आपल्याच कंगोऱ्याखाली सर येऊन ठेपले होते, आणि इथे थबकायला फार वेळ नव्हता.

ते अंग चोरून खालून निसटले.

“नको,” ते म्हणाले. “यंत्राचं बरोबर आहे.”

“म्हणजे तुम्ही अजून आजारी आहात?”

“हो.”

“वाईट वाटलं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं. “तुमच्यावर आणखी ओझं टाकणं आम्हाला शोभणार नाही. बाहेर जाताना समोरच्यांना आत पाठवा.”

अशा रीतीने समोरच्यांचा खोकला सुंठेवाचून गेला. संचालक झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर एक कागद काढला. यापुढे यंत्रात दोन्ही बाजूंच्या पेशी ताज्याच घालाव्यात, आणि नवी पद्धत बसेपर्यंत रुग्णांवर ते वापरू नये. कागदात कुणाची चूक काढली नव्हती. सर तो वाचून कोपऱ्यातल्या खोलीत गेले. दोन्ही खिडक्यांतून ऊन येत होतं.

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?” सरांनी विचारलं.

“सोमवारी माझाही हात पुढे असायचा, सर. आपलं रक्त कुठे जातं, कशात भिजतं हे माणूस बघतोच.”

“मग बोलला का नाहीत?”

समोरच्यांनी टेबलावर ठेवलेल्या नव्या पाटीवरची धूळ बोटाने टिपली. “तेव्हा तुम्ही साधे प्राध्यापक होतात. साधा प्राध्यापक चुकला तर कुणाच्या पदरात काय पडतं?” मग त्यांनी खणातून सरांचा रजेचा अर्ज काढला, झोकदार सही केली आणि म्हणाले, “पुरती विश्रांती घ्या. घाई नाही.”

आता बेरीज करू. शेठना केंद्रावर नाव मिळालं, आणि रस्तोरस्ती त्यांची जाहिरात लागली, ‘कडक तेच निरोगी’. कधी न खपणारी गादी त्या वर्षी खपली. संशोधिकेला वेगळं प्रकरण मिळालं, वर पदवी मिळाली. मेहुण्याला लग्नकार्यात सांगायला किस्सा मिळाला. समोरच्यांना खोली, गाडी, पाटी. सरांना मिळाली लांबलचक रजा, आणि शेठनी आदराने पाठवलेली एक गादी, कारखान्यातली सगळ्यांत कडक. सरांना तिच्यावर झोप लागत नाही. कूस बदलत पडतात, सकाळी पाठ धरून उठतात, आणि शेजारचे खिडकीतून पाहून म्हणतात, बिचारे.

हे सगळं ज्यांच्या खात्यातून गेलं त्या बाई. त्या रोज सकाळी डबा भरून शाळेत जातात. घडी न मोडलेल्या दोन साड्यांपैकी एक त्यांनी भाचीला दिली, दुसरी तशीच आहे. चित्रकलेचे मास्तर वेळापत्रकाची बेरीज चुकवतात आणि जास्तीचे तास बाईंच्या नावावर टाकतात, कारण बाईंना गणित येतं. तास देताना ते माणुसकीने, मान कलती करून विचारतात, “सर कसे आहेत?”

बाई वेळापत्रक घेतात, घडी करतात, पर्समध्ये ठेवतात.

“तसेच आहेत,” त्या म्हणतात, आणि वर्गावर जातात.